हजेरी

पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी मिरजेत सहा दिवस आडवी होते,
तेव्हा नांद्र्यात जिनपालजवळ
एजन्सीचा एक पोरगा येऊन राहिला. इरफान.
चांगला होता. हात हलके होते म्हणे त्याचे.
दिवसाचे आठशे, रात्रीचे नऊशे,
जेवण आपलं, मालिशचं तेल आपलं.
धनपालदादानं पिंपरीहून फोनवरून पाठवले
रोजच्या रोज,
एकदाही 'बघतो' न म्हणता.

टाके निघाले, घरी आले.
पतसंस्थेच्या कॅलेंडरवर सहा चौकोनांत
आईच्या वाकड्या अक्षरात आकडे.
सातवा चौकोन कोरा.
सातव्या दिवशी मी आलेली.

अकरा वर्षं झाली.
उसाच्या ट्रॉलीवरून तो पडला तेव्हा
मी सांगलीत यार्डात हळद निवडायला जात होते.
शनिवारी हातावर हजेरी पडायची,
मोजता मोजता नोटासुद्धा पिवळ्या व्हायच्या.
सासरहून परत आलेली बाई.
सगळे म्हणाले, ही काय, मोकळीच आहे.

मोकळी.
दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची,
नळी धुवायची, पिशवीतलं माप वहीत लिहायचं,
टाचेवर लाली दिसली
की रात्रभर उशी सरकवत बसायचं.
एवढं मोकळं असतं माणूस.

दादाला म्हटलं, आठशे नकोत. तीनशे दे.
आणि रविवार.
फोनमध्ये बराच वेळ पिंपरीचा पंखा फिरत राहिला.
मग म्हणाला, "राजू, घरातल्या घरात?"
मागून वहिनी, "भाऊ आहे तुमचा, गिऱ्हाईक नव्हे."
आईनं णमोकार मध्येच सोडला.
"मायेला भाव लावतेस?"

मायेला नाही, आई.
माया चालू राहील, तिचं मीटर कुणी बसवलंय?
मी कमरेचं मागतेय.
झोपेचं मागतेय.
सत्तेचाळीस वय झालं,
माझ्या नावावर एक पासबुक आहे, त्यात तीनशे बारा रुपये आहेत,
त्याचं मागतेय.

कुणीच बोलेना तेव्हा खाटेवरून जिनपाल बोलला,
"माझ्या पेन्शनीतले हजार आधी तिला.
वरचे दादा, तू घाल.
जमत नसेल तर इरफानला बोलाव,
अक्काला यार्डात जाऊ दे."

पहिल्या महिन्याला पैसे आले,
रकमेखाली दादानं लिहिलेलं: भाऊबीज.
आषाढात.
दुसऱ्या महिन्याला काहीच लिहिलं नाही.
तिसऱ्याला लिहिलं, पगार.
मी ते जिनपालला वाचून दाखवलं,
तर म्हणाला, "शुद्धलेखन बरोबर आहे त्याचं."

पहिल्या रविवारी चुलतभावाचा पोरगा बसला त्याच्यापाशी.
मी सांगलीला गेले, घाटावर बसले,
कृष्णेकडे बघून झालं, भडंग खाऊन झाली,
पुढं काय करायचं ते कळेना.
दीडच्या एसटीनं परत.
दारातच त्यानं अडवलं,
"सुट्टी आहे तुझी. सहाला ये."
मी देवळाच्या कट्ट्यावर बसले साडेतीन तास,
लोक विचारत होते, काय झालं.

आणि परवा रात्री दोनला हाक आली,
"अक्का, पाणी."

अकरा वर्षांत त्यानं रात्री पाणी मागितलं नव्हतं.
दिवस मावळला की तोंडच फिरवायचा.
आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची,
एवढं झालं तरी पोरानं नेम मोडला नाही.
मलाही वाटायचं, नेमच असेल.

अंधारात चप्पल सापडेना,
मी पुटपुटत उठले, तांब्या भरला.
"कोमट कर," तो म्हणाला,
"गार नको."